हिटलरला थंडीनेच हरवलं का? आणि पूर्व आघाडीवरचे बाकीचे प्रश्न

प्रश्न: रशियात जर्मनांना थंडीनेच हरवलं ना?

थंडीचं नाव सगळेच घेतात, जर्मन सेनापतींनी तर आठवणी लिहिताना आवर्जून घेतलं, स्वतःच्या चुका झाकायला बरं पडतं. पण जर्मनीचा सोव्हिएत संघावरचा हल्ला सुरू झाला २२ जून १९४१ ला आणि गाडं अडायला लागलं जुलै-ऑगस्टमध्येच, स्मोलेन्स्कच्या आसपास, भर उन्हाळ्यात. सोव्हिएत फौज मार खाऊनपण लढत होती आणि मागून जर्मनांचा माल पुढे येत नव्हता. मुख्य भानगड रुळांची. सोव्हिएत गेज (दोन रुळांमधलं अंतर) १५२४ मिमी, जर्मन १४३५, म्हणजे खिळे उपसायचे, एक रूळ ८९ मिमी आत सरकवायचा, परत ठोकायचा, असं शेकडो किलोमीटर (मिरजेला पूर्वी तीन गेज होते, तिथल्या जुन्या लोकांना विचारा गेज बदललं की मालाचं काय होतं). एवढं करूनही सुटका नाही, कारण सोव्हिएत इंजिनं लांब पल्ल्याची म्हणून पाणी भरायची स्टेशनं लांब लांब, आणि जर्मन इंजिनांना मध्येच तहान! हिवाळ्यात या इंजिनांचे बाहेरून गेलेले पाइप गोठून फुटले, तिथे थंडीचा हात आहेच, नाही कोण म्हणतंय. पण थंडी काय फक्त जर्मनांनाच वाजत होती?

प्रश्न: स्टालिनग्राडला सोव्हिएत वेढ्यात अडकलेला जर्मन सेनापती पाउलस वेढा फोडून बाहेर का नाही पडला?

हिटलरने नाही म्हटलं हे खरंच आहे, पण परवानगी मिळाली असती तरी जाणार कशावर? हिवाळ्यात चारा पुरणार नाही म्हणून त्याच्या सहाव्या आर्मीचे बरेचसे घोडे आधीच मागे पाठवलेले, आणि तोफा ओढायचे घोडेच. पेट्रोलचीपण बोंब. जर्मन हवाई दलाचा प्रमुख गोरिंग म्हणाला माल विमानाने पुरवतो. रोजचे किमान ३०० टन लागत होते, सरासरी पोचले शंभरच्या आसपास. शेवटी ३१ जानेवारी १९४३ ला पाउलस शरण गेला, आदल्याच दिवशी त्याला फील्ड मार्शल केलं होतं.

प्रश्न: अमेरिकेची मदत नसती तर सोव्हिएत हरले असते?

हरले असते असं मला नाही वाटत. १९४१ मध्ये त्यांनी दीड हजाराच्या वर कारखाने उचलून उरल पर्वताकडे आणि त्यापलीकडे नेले, टी-३४ रणगाडे त्यांचे स्वतःचेच. पण चार लाखांवर ट्रक आणि जीप, शिवाय जवळपास दोन हजार रेल्वे इंजिनं, ही मदत किरकोळ म्हणणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार. जून १९४४ मध्ये बेलारूसमध्ये लाल सेना (सोव्हिएत फौज) ज्या वेगाने घुसली तो वेग याच ट्रकांमुळे, नाहीतर बर्लिनला पोचायला अजून बराच वेळ लागला असता.

प्रश्न: आपला काही संबंध?

आहे की. ऑगस्ट १९४१ मध्ये ब्रिटिश आणि सोव्हिएत फौजा इराणमध्ये घुसल्या, त्यात ब्रिटिश बाजूला भारतीय जवान भरपूर होते, आणि पुढे याच इराणमधून मदतीचा माल सोव्हिएत हद्दीत जायचा. इकडे मुंबईत अण्णाभाऊ साठेंनी स्टालिनग्राडवर पोवाडा रचला.