बाथरूममधला जुना गॅस गिझर आणि फ्लॅटची विक्री

प्रश्न : ठाण्यात घोडबंदर रोडला शेवटच्या मजल्यावर आमचा टू बीएचके आहे, तो विकायचा आहे. दोन लाख टोकन घेतलंय, करारनामा पुढच्या महिन्यात. मोठ्या बाथरूममध्ये चौदा वर्षांपूर्वीचा सिलिंडरवरचा गॅस गिझर आहे. दोन वर्षांपूर्वी अंघोळ करताना पत्नीला चक्कर आली, तेव्हापासून तो बंद आहे. दुसऱ्या बाथरूममधला १५ लिटरचा विजेचा गिझर गळतो. गच्चीवरच्या सोलर वॉटर हीटरचं कनेक्शनही आहे. एजंट म्हणतो, ‘काही बोलू नका, करारात जसं आहे तसं लिहू.’ हे चालेल का?

उत्तर : नाही. करारनाम्यापूर्वी खरेदीदाराला लेखी सांगा आणि गॅस गिझर काढूनच ताबा द्या.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ मधलं विक्रेत्याचं पहिलंच कर्तव्य हे : जो महत्त्वाचा दोष तुम्हाला माहीत आहे, खरेदीदाराला माहीत नाही आणि साधारण काळजी घेऊनही त्याला सापडणार नाही, तो सांगायचा. भिंतीवरचा गिझर त्याला दिसतो, गळणारी टाकीही दिसेल. पण त्या बाथरूममध्ये माणसाला चक्कर आली होती, हे त्याला कुठूनही दिसणार नाही. ते फक्त तुम्हाला माहीत आहे. असा दोष न सांगणं म्हणजे कपट, असं हेच कलम शेवटी म्हणतं.

‘जसे आहे जेथे आहे’ हे वाक्य जुनी फरशी, उडालेला रंग अशा दिसणाऱ्या गोष्टींसाठी उपयोगी. माहीत असून दडवलेल्या दोषावर त्याची ढाल टिकेल, असं समजू नका. पुढे वाद झालाच तर खरेदीदार नुकसानभरपाई मागेल, व्यवहार रद्द करायलाही सांगू शकेल. आणि मुदत अधिनियम, १९६३ च्या कलम १७ मुळे कपटाच्या दाव्याची मुदत कपट उघड झाल्यापासून मोजतात. शिवाय करारावर सही तुमची असते, एजंटची नव्हे.

या एका वस्तूबद्दल इतका आग्रह का, तर ती जीव घेते. छोट्या बंद बाथरूममध्ये धूर बाहेर नेणारी नळी नसलेला गिझर पेटला की खोलीतला ऑक्सिजन कमी होतो, गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम दिलेला वास गळती सांगतो, हा वायू सांगत नाही. तुमच्या पत्नीला आलेली चक्कर याच कारणाने आली असण्याची दाट शक्यता आहे. नव्या घरमालकाने गिझर पुन्हा सुरू केला आणि कोणी दगावलं, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली निष्काळजीपणाने मृत्यूचा प्रश्न तुमच्या दारात येऊ शकतो. शिक्षा होईलच असं नाही. पण माहीत असून गप्प राहिलात, याचं उत्तर द्यावं लागेल.

गिझर घरच्या घरी उपसू नका. गॅस वितरकाच्या मेकॅनिककडून रेग्युलेटर बंद करून गॅसची नळी काढून घ्या. गॅसची पाइप कायमची बसवली असेल तर तिच्या तोंडाला कॅप लावून साबणाच्या पाण्याने गळती तपासायला सांगा. थंड आणि गरम पाण्याच्या पॉइंटना प्लग लावा. आधीचे-नंतरचे फोटो आणि कामाचं बिल जपून ठेवा. सिलिंडर आणि रेग्युलेटर घराबरोबर विकता येत नाहीत. ते वितरकाकडे जमा करून डिपॉझिट परत घ्या. पाइप गॅस असेल तर त्याचा मीटर कंपनीचा असतो, तिथे फक्त नाव बदलायचं.

करारनाम्यात असा मजकूर घाला : ‘विक्रेत्याने खरेदीदारास कळवले आहे की, मोठ्या बाथरूममध्ये एलपीजीवर चालणारा, धूर बाहेर नेणारी नळी नसलेला गिझर होता, दोन वर्षांपूर्वी तो वापरताना कुटुंबातील व्यक्तीस चक्कर आल्याने वापर बंद केला, दि. … रोजी तो काढून गॅसची जोडणी बंद केली आहे. या बाथरूममध्ये गॅसचे उपकरण बसवण्याजोगी वायुविजनाची सोय नाही, हे खरेदीदारास समजले आहे.’ त्याआधी हेच व्हॉट्सअ‍ॅप किंवा ईमेलने पाठवा आणि त्याचं उत्तर येऊ द्या.

गिझर वस्तू की घराचा भाग, यावरही ताबा देताना भांडणं होतात. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्याच कलम ८ नुसार घराबरोबर त्याच्या कायमच्या वापरासाठी बसवलेल्या गोष्टी जातात; स्क्रूवर टांगलेला गिझर त्यात येतो की नाही, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येतं. म्हणून जे राहणार आणि जे जाणार त्याची यादी परिशिष्ट म्हणून जोडा.

विजेचा गिझर दुरुस्त करत बसू नका. आतली टाकी गंजून गळायला लागली की डागडुजी टिकत नाही. नवा बसवून द्यायचं बंधन तुमच्यावर नाही. काढा, किंवा किमतीतून ठरलेली रक्कम वजा करा. मात्र तो पॉइंट परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. २ किलोवॅटचा गिझर २३० व्होल्टवर जवळपास ९ अँपिअर ओढतो. त्याला १६ अँपिअरचा सॉकेट आणि चालू अर्थिंग हवंच. अर्थिंग तुटलेलं निघालं तर तोही न दिसणारा दोष; दुरुस्त करा किंवा सांगा.

सोलरचं आधी सोसायटीच्या कार्यालयात विचारा. बिल्डरने इमारतीसाठी बसवलेला असेल तर तो सोसायटीचा. तुम्ही तो विकू शकत नाही, फक्त चालू कनेक्शन दाखवू शकता. स्वतः बसवला असेल तर गच्ची सामाईक असल्याने कमिटीचं परवानगीपत्र लागतं. ते नसेल तर ‘सोलरसह फ्लॅट’ असं जाहिरातीत किंवा करारात लिहू नका. टाकीखालून पाणी झिरपून छताला ओल आली असेल, तर तीही रंग मारून झाकायची नाही; गिझरच्या मजकुराखालीच तिची एक ओळ घाला.