वडिलांचा गुडघ्याखालून पाय काढलाय, दोन महिने झाले. नकली पाय लावल्यावर किती दिवसांत पहिल्यासारखे चालतील आणि कोणता पाय घ्यावा?

हा "किती दिवसांत" मला पण रोज कोणी ना कोणी विचारायचं, म्हणून लिहितेय. मी इंदूरची, लोकमान्य नगरला माहेर. 2015 च्या जानेवारीत बायपासवर ट्रकने स्कूटी उडवली आणि डावा पाय गुडघ्याखालून गेला.

आधी वडिलांच्या गुडघ्याखालची उशी काढा. असणारच, सगळ्यांच्या घरी असते. माझी आई रोज रात्री मऊ उशी सारून द्यायची, मलाही बरं वाटायचं, आणि गुडघा जो वाकला तो सरळच होईना. अशा गुडघ्याला पाय नीट बसत नाही. फिजिओकडे ताणून घेण्यात दोन महिने गेले, रडत रडत गेले. आईला दोष नाही देत, तिला कोणी सांगितलंच नव्हतं. दिवसातून दोन-तीनदा वडिलांना पालथं झोपवा, खुर्चीवर बसले की स्टम्प, म्हणजे गुडघ्याखाली उरलेला पाय, लटकत ठेवू नका, खाली फळी द्या.

आता कोणता घ्यावा. माझं म्हणणं होतं जयपूर फूट घेऊ. दादा म्हणाला, फुकटचा पाय लावून माझी बहीण फिरणार नाही. कर्ज काढून त्याने कार्बनचा महागडा पाय घेतला. पाय बसवतात त्या सेंटरमध्ये बूट घालून मी पॅरलल बारमधून, म्हणजे दोन्ही बाजूंच्या दांड्या धरून, मस्त चालले, दादाने व्हिडिओ काढून सगळ्या नातेवाईकांना पाठवला.

पण आपल्या घरात बूट कोण घालतं? सप्टेंबरात महालक्ष्म्या आल्या. दुसऱ्या दिवशी नैवेद्याचं ताट मी नेणार म्हणून हट्ट धरला, दरवर्षी मीच न्यायचे. अनवाणी निघाले तर प्रत्येक पावलाला कोणीतरी मागे ओढतंय असं वाटत होतं, गुडघा मागे ढकलला जायचा. देवघराच्या उंबऱ्याशी तोल गेला आणि मी ताटासकट मागे बसले. पुरणपोळ्या, कटाची आमटी, सगळं फरशीवर, आमटी माझ्या साडीत. आई भाजण्याच्या भीतीने धावली. दादा तिथूनच ओरडला, "तुला उठायला सांगितलं कोणी होतं?" मग मला खुर्चीत बसवलं आणि आरती होईपर्यंत कोणी उठू दिलं नाही. पडल्याचं काहीच नाही, त्या खुर्चीचं अजून लागतं.

कारण नंतर कळलं. तो पाय बुटाच्या टाचेच्या हिशोबाने सेट केलेला होता, बूट काढला की टाच खाली जाते आणि माणूस मागे झुकतो. इतकी साधी गोष्ट. जयपूर फूट 1968 मध्ये डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी बनवलाच यासाठी, की आपली माणसं अनवाणी चालतात, मांडी घालतात, उकिडवी बसतात, शेतात चिखलात उतरतात. बाहेरून येणारे पाय तेव्हा बुटाशिवाय निरुपयोगी होते. रबराचा आहे, भिजला तरी चालतो. आणि फुकट मिळतो म्हणून कमी दर्जाचा नाही, जयपूरची भगवान महावीर विकलांग सहायता समिती 1975 पासून असे पाय फुकट बसवून देतेय. मी दुसऱ्या वर्षी शिबिरात जाऊन लावून घेतला, दादाला न सांगता. पुढच्या महालक्ष्म्यांना ताट मीच नेलं. तो अजून म्हणतो क्वालिटी ती क्वालिटी. दादा, दिवसाचे बारा तास घरात अनवाणी असणाऱ्या बाईची क्वालिटी तिला विचारायची असते.

महागडा पाय वाईट आहे असं नाही हं, बाहेर जाताना मी तोच लावते. घरात तेवढ्याच टाचेची चप्पल ठेवली तरी निभतं, फक्त हे फिटिंगच्या वेळीच विचारून घ्या. आणि वडील दिवसभर काय करतात, कुठे बसतात, हे त्यांना स्वतःला सांगू द्या, तुम्ही नका बोलू.

दिवसांचं म्हणाल तर मी काठीशिवाय चार महिन्यांनी चालले, पण तेव्हा मी 31 ची होते. स्टम्प बरेच महिने बारीक होत जातो, पहिलं सॉकेट, म्हणजे स्टम्प ज्यात बसतो तो नकली पायाचा वरचा भाग, ढिलं पडणारच, स्टम्पवरचे मोजे वाढवत जायचं, मग सॉकेट बदलायचं. पहिल्यासारखे चालतील असं त्यांना सांगू नका, चालतील एवढंच सांगा.

पाय शुगरमुळे गेला असेल तर माझा अनुभव तसाच्या तसा धरू नका. तिथे जखम झालेली बरेचदा कळतच नाही, म्हणून रोज संध्याकाळी आरशाने स्टम्प बघा. नकली पाय उतरवल्यावर लाल डाग पंधरा-वीस मिनिटांत गेला नाही तर पाय लावू नका, डॉक्टरांना दाखवा. दुसरा पाय पण तितकाच जपा.

आणि रात्री वॉकर पलंगाला लागूनच ठेवा, दिवा हाताशी. झोपेतून उठलं की पाय आहे असंच वाटतं, गेलेला अंगठा खाजतो सुद्धा. मी दोनदा तशीच बाथरूमला निघाले आणि पडले.