टक्केवारीवर फंडरेझरची नोकरी मिळतेय, घ्यावी का? आणि हे काम नेमकं काय असतं?

तुम्ही एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या, शेवटच्या वर्षाला आहात. एका संस्थेनं परदेशी देणगीदारांकडून निधी उभा करायची नोकरी देऊ केली आहे आणि आणलेल्या रकमेच्या काही टक्के हाच मोबदला, असं सांगितलं आहे. मी पुण्यात राहून नंदुरबार जिल्ह्यातल्या आरोग्याच्या कामासाठी निधी उभा करते, म्हणून सविस्तर लिहिते.

टक्केवारीला सरळ नाही म्हणा. असोसिएशन ऑफ फंडरेझिंग प्रोफेशनल्स ही या क्षेत्रातली मोठी व्यावसायिक संघटना आहे आणि तिच्या आचारसंहितेत टक्केवारीवर मोबदला घ्यायला मनाई आहे. देणाऱ्याला वाटत असतं की आपले पैसे पाड्यावरच्या मुलासाठी निघाले. त्यातला वाटा मधल्या माणसाच्या खिशात जातो हे कळलं तर तो पुन्हा संस्थेच्या दारात उभा राहणार नाही. शिवाय घरभाडं टक्केवारीवर अवलंबून असलं की वाईट अटींचा मोठा चेकही गोड वाटू लागतो. ठरलेला पगार मागा. तो देता येत नसेल तर त्या संस्थेची फंडरेझर ठेवण्याची अजून तयारी नाही, असं समजा.

आता काम. पैसे मागण्यात यातला थोडाच वेळ जातो. कोणतं फाउंडेशन कशासाठी पैसे देतं ते शोधायचं, दोन पानांची कन्सेप्ट नोट, म्हणजे कामाची थोडक्यात कल्पना देणारं टिपण, पाठवायची. त्यांना रस वाटला तर पूर्ण प्रपोजल आणि बजेट, मग ट्रस्ट डीड, ऑडिट, विश्वस्तांची माहिती यांची छाननी, मग करार. पहिल्या ईमेलपासून पहिला हप्ता येईपर्यंत वर्ष सहज जातं. हप्ता आला की रिपोर्टिंग सुरू.

परदेशी पैसा म्हटला की एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांवर नियंत्रण ठेवणारा कायदा, आलाच. 2010चा हा कायदा आणि त्यातली 2020ची दुरुस्ती नीट वाचा, मुलाखतीत त्याचाच उपयोग होईल. परदेशी देणगी आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते. प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आली. आणि मला सर्वांत जास्त खुपणारी गोष्ट म्हणजे एका संस्थेला मिळालेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला देणं पूर्ण बंद झालं. तालुक्याच्या गावी काम करणाऱ्या ज्या लहान संस्थांना इंग्रजीत प्रपोजल लिहिणारं कोणी नव्हतं, त्यांना मोठ्या संस्थांमार्फत पैसे मिळत. तो रस्ता बुजला.

रोज उपयोगी पडणारी एक बारीक गोष्ट सांगते. न्यू जर्सीतले काका देणगी देतो म्हणाले की आधी पासपोर्ट विचारायचा. भारतीय पासपोर्ट असेल आणि स्वतःच्या बचतीतून रीतसर बँकेमार्फत पैसे देत असतील तर ती परदेशी देणगी धरली जात नाही. अमेरिकन नागरिकत्व घेतलं असेल तर ती परदेशीच, मग काकांचा जन्म सदाशिव पेठेतला का असेना.

पण या नोकरीचा खरा कस लागतो तो बजेटच्या तक्त्यावर. आमच्याकडे कार्यकर्ती पाड्यावर जाते, दाराच्या आढ्याला काटा टांगते, झोळीत मूल ठेवून वजन घेते, आईशी तिच्या बोलीत बोलते. नंदुरबारमधल्या धडगावच्या डोंगरात बऱ्याच पाड्यांवर शेवटचं अंतर पायीच चालावं लागतं. काट्यासाठी पैसे लगेच मिळतात, काट्यावर देणगीदाराचं नावही चिकटवता येतं. काटा घेऊन डोंगर चढणाऱ्या बाईच्या पगारासाठी मात्र प्रत्येक वेळी भांडावं लागतं. 'पगार आणि प्रवासच निम्म्याहून जास्त कसा?' हा प्रश्न व्हिडिओ कॉलवर हमखास येतो. तेव्हा अजिबात ओशाळू नका. माणसानं मुलापर्यंत पोचणं हेच ते काम आहे, पगार त्याचाच आहे, हे शांतपणे आणि आकड्यांसकट सांगा. पगार कमी दाखवून प्रपोजल मंजूर करून घेतलं तर फरक त्या कार्यकर्तीच्या पोटातून वसूल होतो. फंडरेझरनं हे होऊ देता कामा नये, असं माझं ठाम मत आहे.

रिपोर्टचंही तसंच. दिवाळीनंतर या भागातली अनेक कुटुंबं मुलाबाळांसकट गुजरातेत ऊसतोडीला जातात. त्यामुळे मार्चच्या रिपोर्टमध्ये वजन झालेल्या मुलांचा आकडा घसरतो. लंडनमध्ये बसलेल्या प्रोग्राम ऑफिसरला ते काम ढिलं पडल्यासारखं दिसतं. आकडा झाकू नका. स्थलांतराचं कारण लिहा, परत आल्यावर मुलांची वजनं किती घटलेली असतात ते लिहा, आणि त्याच जोरावर स्थलांतराच्या काळातल्या कामासाठी पैसे मागा. हे सगळं लिहायला फील्ड माहीत असावं लागतं. म्हणून पहिल्या वर्षी ऑफिसात बसवून ठेवणारी नोकरी घेऊ नका.

फोटोंबद्दल थोडक्यात: हाडं दिसणाऱ्या मुलाचा फोटो मागणारे देणगीदार अजूनही भेटतात. आईच्या परवानगीशिवाय फोटो काढायचा नाही आणि आपल्या मुलाचा जो फोटो आपण लावला नसता तो पाठवायचा नाही, हे लेखी धोरण संस्थेकडे आहे का, ते मुलाखतीत विचारा.

पगार मोठ्या कंपन्यांइतका नसतो आणि अनिश्चितता खरी आहे. जानेवारी 2025मध्ये अमेरिकेनं परदेशी मदत गोठवली, तेव्हा त्या पैशांवर चालणारी तृतीयपंथीयांसाठीची मित्र क्लिनिक हैदराबादबरोबर आपल्या पुण्यात आणि कल्याणमध्येही बंद झाली. तिथे येणाऱ्यांचा यात काय दोष होता? म्हणून संस्थेचे पैसे किती ठिकाणांहून येतात ते विचारा. एकाच देणगीदाराचा वाटा मोठा असेल तर सीएसआर, म्हणजे कंपन्यांचा सामाजिक कामासाठीचा निधी, आणि भारतातल्या व्यक्तिगत देणगीदारांसाठी काय योजना आहे, तेही विचारा. कंपनी कायद्याच्या कलम 135नुसार ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे किमान 2 टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात. त्यामुळे आज परदेशी निधी शोधणाऱ्याला सीएसआरही यावंच लागतं.

ही ऑफर सोडलीत तरी शोध सोडू नका. बऱ्याच जाहिरातींत हे पद 'रिसोर्स मोबिलायझेशन' किंवा 'पार्टनरशिप्स' या नावानं असतं, त्या नावांनीही शोधा. आणि अर्जाला तुमच्या फील्डवर्कमधल्या एखाद्या कामाची दोन पानी नोट बजेटसकट जोडा. निवड करताना मी तरी आधी तीच वाचते.