शेतात टेंट, टेंटात लेकरं आन् डिसेंबरची थंडी

हुरडा आला की पुण्या-मुंबईचे पाहुणे येतात, आणि आता तर ते गाडीच्या डिक्कीत टेंट टाकूनच येतात, त्यामुळे यावेळचे बरेचसे प्रश्न एकाच गोष्टीवर आलेत, लहान लेकरांना घेऊन थंडीत बाहेर झोपायचं कसं. सारखे सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं काढून टाकलीत.

प्रश्न : ताई, आमचं वावर दारव्ह्याकडे हाये. या शनवारी हुरडा ठेवला, दीर पुण्याहून येऊन राह्यले, त्याईनं मोठा टेंट घेतला आन् पोरी आतापासूनच नाचू राह्यल्या का आम्ही राती टेंटातच झोपतो म्हणून. माह्या दोघी, एक चार वर्साची, एक सात वर्साची. सासूबाई म्हणतात का लेकरायले निमोनिया करून आणता काय. मले बी भेव वाटते पण पोरीयचं मन मोडवत नाई. काय काय न्याव लागन ते सांगजा.
— एक आई, यवतमाळ जिल्हा

उत्तर : न्या की हो, पण सासूबाईंचं अगदीच काही चुकत नाही. निमोनिया जंतूंमुळे होतो, नुसत्या थंड हवेनं नाही, हे खरं, पण लहान शरीर लवकर गार पडतं हेही तितकंच खरं, कारण वजनाच्या मानाने लेकराची कातडी जास्त असते, आतली ऊब पटकन बाहेर जाते. आणि आपण विदर्भातले लोक उन्हाळ्याची तयारी करतो, थंडीला धरतच नाही. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशावर गेला होता, तेही शहरात. मोकळ्या वावरात आभाळ स्वच्छ असलं की जमीन रात्रभर आपली उष्णता वर सोडत राहते आणि सगळ्यात जास्त गारठा सूर्य उगवायच्या आसपास असतो. म्हणजे रात्री दहाला शेकोटीजवळ बसून "काही एवढी थंडी नाही" असं ठरवू नका, परीक्षा पहाटे आहे.

आता सामान. सगळे लोक पांघरूण मोजतात, चार ब्लँकेट, दोन दुलया, आणि खाली एक सतरंजी. इथंच घोटाळा होतो. झोपल्यावर शरीराच्या वजनाने खालचं कापड दबतं, त्यातली हवा निघून जाते आणि जमीन सरळ अंगातली ऊब ओढून घेते. वरून कितीही घाला, पाठ गारच. म्हणून माझा हिशोब साधा आहे, जेवढं वर तेवढं खाली, जमलं तर खाली जास्त. पहिले टेंटच्या जागेवर गेल्या सालच्या कडब्याच्या पेंढ्या सोडून दाट पसरा, त्यावर ताडपत्री, त्यावर टेंट. आत फोमची चटई किंवा योगा मॅट, आणि तिच्यावर कापसाची गादी, आपल्या भागात गाद्यांना काय तोटा आहे. दिरांनी हवा भरायची गादी आणली असेल तर ती मऊ असते म्हणून लेकरांना आवडते, पण आतली हवा गार होऊन फिरत राहते, तेव्हा तिच्यावर चटई नाहीतर जाड गोधडी टाकल्याशिवाय झोपवू नका.

कडब्याचं एक सांगायचं राहिलं. तो दिवसभर उन्हात उलटापालटा करून, झाडून घ्या. इचूकाटा असतो तो तर आहेच, शिवाय २०१८ मध्ये आपल्या विदर्भात स्क्रब टायफस नावाच्या तापाचे बरेच पेशंट निघाले होते, तो गवता-झुडपातल्या एका अगदी बारीक किड्याच्या पिल्लाच्या चाव्यानं होतो. म्हणून लेकरं थेट कडब्यावर लोळवायची नाहीत, मध्ये ताडपत्री पाहिजेच. आणि नंतर आठ-पंधरा दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना शेतात झोपलो होतो हे आठवणीनं सांगा.

जागा नाल्याच्या काठावर, खोलगट भागात घेऊ नका. थंड हवा जड असते, ती उतारानं खाली जाऊन तिथंच साचते. धुऱ्याजवळ, म्हणजे बांधाजवळ, जरा उंचावर, एखाद्या झाडाच्या आडोशाला, म्हणजे दवही कमी पडतं. फक्त वर वाळलेली फांदी नाही ना ते पाहून घ्या. दार उत्तरेकडं नको, हिवाळ्यात वारा बहुतेक तिकडूनच येतो.

कपड्यांचं म्हणाल तर एक जाड जर्किन घालण्यापेक्षा दोन-तीन पातळ कपडे एकावर एक बरे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, संध्याकाळी पोरी वावरात धावून धावून घामेजतील, त्याच ओल्या बनियनवर स्वेटर चढवून झोपवू नका. सुती कपडा ओला झाला की ऊब देत नाही, उलट ओढून घेतो. झोपायच्या आधी आतून-बाहेरून सगळं बदला, मोजेसुद्धा, आणि हा झोपायचा जोड दिवसभर पिशवीतच बांधून ठेवा, कोणी कितीही मागितला तरी. लोकरीचं काही असेल, आजोबांची घोंगडी वगैरे, तर ती न्याच, लोकर थोडी दमट झाली तरी ऊब धरते. टोचते म्हणून लेकरं कुरकुरतात, म्हणून अंगाशी सुती आणि वरून घोंगडी.

जेवण पोटभर. रोडगे, वांग्याची भाजी, वरण, त्यावर तूप, हे थंडीचंच जेवण आहे, पोटात काही असलं तरच शरीर आतून तापतं. चारवालीला मात्र अख्खे शेंगदाणे आणि कडक चिक्की देऊ नका, अंधारात, हसता-खिदळता घशात अडकतं, कूट करून गुळासोबत लाडू द्या. आणि झोपायच्या आधी दोघींना लघवीला नेऊन आणा, सोबत कुणीतरी मोठं माणूस आणि टॉर्च, एकटं सोडायचं नाही.

प्रश्न : ताई, आमच्या घरी बाळंतिणीच्या खाटेखाली निखाऱ्याची शेगडी ठेवायची पद्धत आहे, माझी आई म्हणते तुम्ही सगळे असेच मोठे झाले, काही झालं नाही. मग टेंटात घमेल्यात थोडे निखारे ठेवले, धूर नसलेले, तर काय हरकत आहे? मुलगा दोन वर्षांचा आहे आणि नवेगावबांधकडे रात्री चांगलीच थंडी पडते.
— एक बाप, अर्जुनी मोरगाव तालुका

उत्तर : नाही. अजिबात नाही. धूर नाही म्हणून तुम्ही जे निखारे सुरक्षित समजताय तेच जास्त धोक्याचे आहेत, कारण धुमसत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो आणि त्याला ना वास, ना रंग. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो, मग श्वास चालू असतो पण शरीराला ऑक्सिजन मिळत नाही. पहिले डोकं दुखतं, मळमळतं, मग गुंगी येते, आणि झोपलेल्या माणसाला तर हे कळतच नाही. लहान लेकरू श्वास भरभर घेतं म्हणून त्याला आधी चढतं.

तुमच्या आईचं म्हणणं मी समजू शकते. जुन्या घराला कवेलूचं छप्पर, कवेलूत फटी, दार नीट लागत नाही, आणि रात्रभर कोणी ना कोणी बाळंतिणीजवळ जागं असायचं. तरी मी तेव्हाचंही सगळं बरोबरच होतं असं म्हणणार नाही, सिमेंटच्या बंद खोलीत तर आजही ठेवू नका. आणि टेंट म्हणजे नायलॉनची बंद पिशवी, त्यात आग लागली तर कापड वितळून अंगाला चिकटतं हे वेगळंच. गॅसचा स्टोव्ह, रॉकेलचा कंदील, मच्छरची कॉइल, काहीच आत नको. गाडीत झोपून इंजिन आणि हीटर चालू ठेवणं, तेही नको.

शेकोटी बाहेर करा, टेंटपासून चांगली लांब आणि वाऱ्याच्या खालच्या बाजूला. तुराट्या, पऱ्हाट्या, म्हणजे तुरीची-कापसाची वाळलेली झाडं, भस्सकन पेटतात आणि ठिणग्या उडवतात, नायलॉनला एका ठिणगीनं भोक पडतं. फवाऱ्याच्या औषधाची रिकामी पाकिटं, डबे शेकोटीत टाकायची काही लोकांना सवय असते, लेकरं शेकत असताना तर मुळीच टाकू देऊ नका. झोपायला जाताना पाणी ओतून पूर्ण विझवा.

ऊब पाहिजे ना, मग पाणी वापरा. स्टीलच्या बाटलीत गरम पाणी, उकळतं नाही, झाकण घट्ट, उलटी करून गळते का पाहा, मग जाड मोज्यात घालून झोपायच्या अर्धा तास आधी पांघरुणात ठेवा. मुलगा आत शिरायच्या वेळी बाटली काढून घ्या. दोन वर्षांचं लेकरू भाजलं तरी झोपेत बाजूला सरकत नाही.

प्रश्न : चिखलदऱ्याला न्यू इयरला टेंटमध्ये राहायचा प्लॅन आहे, बाळ आठ महिन्यांचं आहे, त्याला आमच्या स्लीपिंग बॅगमध्ये मध्ये घेऊन झोपलं तर चालेल का?
— अमरावतीहून

उत्तर : नको. मोठ्यांच्या बॅगेत तोंड झाकलं जातं, आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाजवळ सैल पांघरूण, उशी, जड दुलई यातलं काहीच नको, गुदमरण्याची भीती असते. बाळ वेगळं, पाठीवर, सपाट जागेवर, अंगात बसणारे कपडे आणि बाळाच्या मापाची बिनबाह्यांची झोपायची पिशवी. पण मला विचाराल तर चिखलदरा समुद्रसपाटीपासून साधारण ११०० मीटरवर आहे, तिथं डिसेंबरच्या शेवटी आठ महिन्यांचं बाळ टेंटात कशाला. खोली घ्या, दिवसभर पॉइंट फिरा, टेंट पुढच्या वर्षी पळून जात नाही.

प्रश्न : पोट्टं रात्री पांघरूण लाथाडते. दर तासाले उठून घालू काय?
— अकोट तालुका

उत्तर : पांघरूण अंगावर राहणारच नाही असं धरूनच कपडे घाला, म्हणजे आतून पूर्ण बाह्यांचं, वरून स्वेटर, पायात मोजे, डोक्याला कानटोपी पण नाडीची नको, गळ्याला आवळते, आणि पांघरूण वरचा जादा थर समजा. दोन मोठ्यांच्या मध्ये झोपवा. एवढं लाथाडत असेल तर बघा, कदाचित त्याला गरम होत असेल.

प्रश्न : ऑनलाइन लहान मुलांची स्लीपिंग बॅग पाहिली, त्यावर शून्याच्या खालचं तापमान लिहिलंय, मग वेगळं काही लागणार नाही ना?
— वर्धा जिल्हा

उत्तर : लागेल. अशा बॅगेवर कम्फर्ट, लिमिट, एक्स्ट्रीम असे वेगवेगळे आकडे असतात आणि जाहिरातीत बहुतेक वेळा सगळ्यात खालचा दाखवतात. एक्स्ट्रीम म्हणजे माणूस कसाबसा निभावेल, झोप लागेल असं नाही. कम्फर्टचा आकडा पाहा, आणि तोही मोठ्या माणसासाठी, खाली चटई धरून काढलेला असतो, लेकरासाठी त्यात चार-पाच अंशांची सूट ठेवा. "पुढं कामी येईल" म्हणून मोठी बॅग घेतली तर पायाकडची रिकामी जागा लेकराला स्वतःच्या अंगानं तापवावी लागते, ती दुमडून खाली दोरीनं बांधा. आणि दोन लेकरांसाठी दोन महागड्या बॅगा घ्यायलाच पाहिजेत असं मला वाटत नाही, वर्षातून एक-दोन रात्रींसाठी घरची गोधडी आणि चांगली चटई पुरते.

टेंट पूर्ण बंद करू नका हेही इथंच सांगते. चार जणांच्या श्वासातली वाफ छताला लागून पाणी होतं आणि पहाटे टपटप पांघरुणावर पडतं. वरची जाळी उघडी राहू द्या.

प्रश्न : लेकराला जास्त थंडी झाली हे ओळखायचं कसं? हात गार लागले की मी घाबरते. आणि आमच्याकडे थेंबभर ब्रँडी देतात, छातीला कापूर-तेल लावतात, ते चालते का?
— एक आजी, भंडारा जिल्हा

उत्तर : आजी, हात-पाय गार असणं चालतं, मानेच्या मागे, छातीला, पोटाला हात लावून पाहा. तिथं उबदार असेल तर लेकरू ठीक आहे. पोटही गार लागलं, कुडकुडायला लागलं, की लगेच आत घ्या. खरी काळजी त्याच्या पुढची आहे, रडणारं लेकरू अचानक गप्प होतं, बोलणं जड येतं, चालताना अडखळतं, अंग गार असूनही कुडकुडणं थांबतं. घरचे म्हणतात "शांत झालं, झोपू दे", तेव्हाच झोपू द्यायचं नाही. शरीराचं तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की ते धोक्याचं. तान्ही बाळं तर धड कुडकुडतही नाहीत, ती ढिली पडतात, दूध ओढत नाहीत, आणि गाल कधी लालबुंद दिसतात म्हणून माणूस फसतो.

अशा वेळी ओले कपडे काढा, लेकरू उघड्या छातीशी घ्या, वरून दोघांना मिळून पांघरा, डोकं झाकून, तोंड उघडं. सरकारी दवाखान्यात कमी वजनाच्या बाळांना कांगारू पद्धतीनं असंच धरायला शिकवतात. पूर्ण शुद्धीत असेल तर कोमट गोड दूध. हातपाय चोळू नका, आगीसमोर धरू नका, आणि १०८ ला फोन लावा.

ब्रँडी नाही. तिनं कातडीकडचं रक्त वाढून गरम वाटतं आणि आतली ऊब उलट बाहेर जाते, लेकराची साखरही उतरते. कापूरही लहानग्यांना नको, पोटात गेला तर झटके येऊ शकतात. नुसत्या तेलाची मालिश खुशाल करा, पुसून कपडे घाला. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका.

प्रश्न : रात्री अंथरूण ओलं केलं तर टेंटात काय करायचं, सांगायला लाज वाटते पण आमचा पाच वर्षांचा आहे.
— वणी तालुका

उत्तर : लाज कसली, थंडीत लघवी जास्तच होते. त्याच्या खाली प्लॅस्टिक आणि त्यावर जुनं लुगडं घडी करून टाका, म्हणजे गादी वाचते. दुसरा कपड्यांचा जोड, टॉर्च आणि एक टॉवेल उशाशीच ठेवा, अंधारात पिशव्या उचकताना लेकरू उघडं बसून गारठतं. ओलं सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून बाहेर, त्याला तुमच्या पांघरुणात घ्या, आणि पहाटे चार-साडेचारला एकदा स्वतःच उठवून नेऊन आणा.