घरचा कॉम्प्युटर : आधी घरची वीज पाहा, मग मशीनला दोष द्या

या वेळी आलेल्या पत्रांपैकी अर्ध्याच्या वर पत्रांत तक्रार कॉम्प्युटरची आहे पण दुखणं विजेचं, उन्हाचं नाहीतर धुळीचं आहे, म्हणून त्यांनाच जास्त जागा दिली, बाकीच्यांना थोडक्यात.

प्रश्न : भाऊ नमस्कार, पोराले मागच्या महिन्यात डेस्कटॉप घेऊन दिला. कॅबिनेटच्या मांगं पेन ड्राइव्ह लावाले गेलं का हाताले झिणझिण्या येतात. दुकानदार म्हणते एवढं तर राहतेच, चप्पल घालून बसा. घरचे म्हणून राहिले का वापस करून टाका. काय कराव?
– एक वाचक, दारव्हा तालुका, यवतमाळ

उत्तर : दादा, चप्पल हा काही इलाज नाही, पण वापस करायचीही घाई करू नका, कारण बहुतेक वेळा यात मशीनचा दोष नसतोच, घरच्या अर्थिंगचा असतो. कॅबिनेटच्या मागच्या कोपऱ्यात जो पॉवर सप्लाय असतो, एसएमपीएस म्हणतात तो, त्यात विजेतली गडबड गाळायला छोटे कॅपॅसिटर फेज आणि न्यूट्रलपासून लोखंडी बॉडीला जोडलेले असतात. बॉडीला अर्थिंग असलं की त्यातून येणारा किरकोळ करंट सरळ जमिनीत जातो, कोणाला पत्ता लागत नाही. अर्थिंग नसलं की मग बॉडीवर 230 च्या निम्मे, म्हणजे 110-115 व्होल्टच्या आसपास येऊन थांबतात आणि तुम्ही उघड्या पायानं फरशीवर उभं राहून हात लावला की तो करंट तुमच्यातून वाट काढतो. फार कमी असतो म्हणून नुसत्या झिणझिण्या येतात.

पण 'एवढं तर राहतेच' म्हणून सोडून देऊ नका. एक तर चालू मशीनला मॉनिटरची किंवा प्रिंटरची केबल लावताना याच करंटनं पोर्ट जळतात. आणि दुसरं फार मोठं आहे, उद्या आतमध्ये खरंच फेजची वायर बॉडीला टेकली तर अर्थिंग नसलेल्या घरात एमसीबी पडत नाही, पूर्ण 230 व्होल्ट त्या कॅबिनेटवर तसेच उभे राहतात आणि समोर तुमचं पोरगं बसलेलं असते. दर उन्हाळ्यात आपल्याकडं लोखंडी कूलरचा शॉक लागून माणसं जातात, त्यातही बऱ्याचदा हेच कारण निघते.

पाहायचं असं की आधी प्लग बघा, वरची जाडी पिन अर्थिंगची असते, कोणी तिथं थ्री पिनचं टू पिन करायचा कन्व्हर्टर लावला असेल तर तो काढून टाका. मग एक्स्टेन्शन बोर्ड. स्वस्तातल्या बोर्डाला वरचं भोक असते पण उघडून पाहिलं तर त्याच्या मागं वायरच नसते, कारण बोर्डाची केबलच दोन तारेची. हे दोन्ही ठीक असेल तर वायरमनला बोलवा आणि भिंतीतल्या सॉकेटवर मल्टिमीटर लावून दाखव म्हणा. फेज-न्यूट्रल जेवढे व्होल्ट तेवढेच जवळपास फेज-अर्थ यायला पाहिजे, आणि न्यूट्रल-अर्थ दोन-चार व्होल्टच्या वर नको. नुसत्या मीटरवर समाधान मानू नका, कमजोर अर्थिंगवरही मीटर बरोबर आकडा दाखवू शकते, त्याला फेज-अर्थमध्ये शंभर वॉटचा बल्ब लावून बघायला सांगा, बल्ब पूर्ण पेटला पाहिजे. हे काम त्याचं आहे, तुम्ही घरी करू नका.

आता एक गोष्ट हात जोडून सांगतो. काही वायरमन खड्डा करायचा त्रास नको म्हणून बोर्डातच न्यूट्रलची तार अर्थच्या पिनला जोडून देतात, झिणझिण्या त्याच मिनिटाला बंद होतात आणि माणूस खूश होतो. पण खांबावरची न्यूट्रल कधी तुटली किंवा डीपीवर ढिली झाली की घरातल्या प्रत्येक लोखंडी वस्तूच्या बॉडीवर सरळ फेज येतो. असं करू द्यायचं नाही म्हणजे नाही. खड्डा खणा, जीआय पाइप, कोळसा, मीठ टाकून नीट अर्थिंग करून घ्या. आपली काळी माती ओली असताना अर्थिंगला चांगली, पण एप्रिल-मे मध्ये तिला हात हात भेगा पडतात अन् पाइपापासून माती सुटते, तेव्हा उन्हाळ्यात त्या खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी टाकत जा. जमलं तर मेन बोर्डात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की लाइन लगेच तोडणारा स्विच, बसवा. खर्च होईल, पण तो कॉम्प्युटरपुरता नाही, फ्रिज, कूलर, मोटर सगळ्या घराच्या कामाचा आहे.

प्रश्न : मुलीची बीएस्सी सुरू झाली, लॅपटॉप पाहिजे म्हणते. नवा घ्यायची ऐपत सध्या नाही, कापसाचे पैसे यायचे आहेत. नागपूरला बर्डीवर रिफर्बिश्ड लॅपटॉप स्वस्तात भेटतात असं ऐकलं. घ्यावा का, आणि घेताना काय पाहावं?
– एक वाचक, हिंगणघाट तालुका, वर्धा

उत्तर : काका, घ्या, कॉलेजच्या कामाला चांगला आहे. मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षं वापरून जे लॅपटॉप काढतात तेच हे, बांधणी मजबूत असते, नवीन स्वस्त लॅपटॉपपेक्षा कीबोर्ड आणि बिजागरी कितीतरी चांगली. फक्त मुलीला सोबत घेऊन जा आणि तासभर वेळ काढून जा, गर्दीच्या दिवशी जाऊ नका.

पहिलं पाहायचं ते प्रोसेसरचं वय, रंग अन् स्टिकर नाही. 'आय-फाइव्ह आहे' एवढं दुकानदार सांगतो पण आय-फाइव्ह दहा-बारा वर्षांपूर्वीचाही असतो. त्याच्या पुढचा आकडा वाचा, 6300 असेल तर सहावी पिढी, 7200 तर सातवी, 8250 तर आठवी, 10210 तर दहावी. आठवीच्या खालचा घेऊ नका. कारण विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि विंडोज 11 इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढंच नियमानं चालते, सोबत टीपीएम 2.0 नावाची चिप लागते. दुकानात सहाव्या पिढीवरही जुगाड करून विंडोज 11 टाकून ठेवलेलं दिसेल आणि ते चालतेही, पण पुढच्या अपडेटची खात्री मायक्रोसॉफ्ट देत नाही. म्हणूनच ते इतके स्वस्त होऊन राहिले.

रॅम 8 जीबी, डिस्क एसएसडीच, 256 जीबी पुरते. मग बॅटरी. दुकानदार 'तीन तास चालते' म्हणेल, तुम्ही त्याच्यासमोर कमांड प्रॉम्प्ट उघडायला लावा आणि मुलीला टाइप करायला सांगा, पॉवरसीएफजी, एक स्पेस, पुढं झुकलेली तिरपी रेघ आणि लगेच बॅटरीरिपोर्ट, सगळं इंग्रजी लहान अक्षरात. एक फाइल तयार होते, ती ब्राउझरमध्ये उघडली की दोन आकडे दिसतात, डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी. पहिला 50,000 आणि दुसरा 28,000 असेल तर बॅटरी निम्म्याच्या थोडी वर उरली आहे, त्या हिशोबानं भाव करा नाहीतर नवी बॅटरी टाकून मागा.

लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू करताना बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या पानावर, जाऊन पाहा, पासवर्ड मागत असेल तर तो लॅपटॉप तिथंच ठेवा. विंडोज नव्यानं टाकल्यावर कुठल्या तरी कंपनीचा ईमेल मागत असेल तरीही तेच, त्याचं लॉक निघालेलं नाही. सगळ्या की दाबून पाहा, कॅमेरा, स्पीकर, वायफाय, यूएसबीची प्रत्येक जागा, चार्जर हलवल्यावर चार्जिंग तुटते का. बिल जीएसटीचं, त्यावर सीरियल नंबर आणि वॉरंटीचे महिने लिहून घ्या, साध्या चिठ्ठीवर लिहिलेली वॉरंटी पुढं कामी येत नाही. आणि बॅगेचे, माउसचे पैसे वेगळे लावत असेल तर माउस तेवढा घ्या.

प्रश्न : यूपीएसची बॅटरी वर्षभरही टिकत नाही. दोनदा बदलली. आता दुकानदार म्हणतो मोठा यूपीएस घ्या. घरात इन्व्हर्टर आहे, त्यावर कॉम्प्युटर चालवला तर नाही का जमणार?
– एक शिक्षिका, ब्रह्मपुरी, चंद्रपूर

उत्तर : ताई, मोठा घेतला तर मोठी बॅटरी खराब होईल, एवढाच फरक पडेल. 600 व्हीएच्या यूपीएसमध्ये साधारण 12 व्होल्ट 7 अँपिअर-अवरची छोटी सीलबंद बॅटरी असते. ती 25 अंशाच्या हिशोबानं बनवलेली असते, आणि ढोबळमानानं दर दहा अंश वाढले की तिचं आयुष्य निम्मं होते. तुमच्या ब्रह्मपुरीत मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, त्यात यूपीएस टिनाच्या खोलीत, भिंतीला चिकटून, वर पडदा असं असेल तर बॅटरी टिकणार कशी. तेव्हा तो जमिनीवर, मोकळ्या जागी, उन्हाच्या भिंतीपासून दूर ठेवा.

दुसरं कारण कमी व्होल्टेज. रब्बीत वावरातले पंप एकदम सुरू झाले की ट्रान्सफॉर्मरवर ताण येतो आणि घरात 150-160 व्होल्ट येऊ लागतात, असं झालं की काही यूपीएस लाइन असतानाही बॅटरीवर जातात, टिकटिक आवाज करतात, दिवसातून कितीतरी वेळा, आणि बॅटरी कधी पूर्ण चार्जच होत नाही. तुमच्याकडं लाइट असताना यूपीएस वाजतो का, ते आठवडाभर ऐका. वाजत असेल तर वायरमनकडून व्होल्टेज मोजून घ्या. घरगुती पुरवठा 230 च्या सहा टक्के वर-खाली, म्हणजे 216 ते 244 मध्ये असायला पाहिजे. त्यापेक्षा कमी येत असेल तर गल्लीतल्या चार घरांनी मिळून महावितरणला लेखी अर्ज द्या, 1912 वर तक्रार नोंदवून तिचा नंबर अर्जात लिहा. एकट्याच्या फोनपेक्षा चार सह्यांचा कागद लवकर हलतो.

इन्व्हर्टरवर जमेल, फक्त मागं किंवा पुढं एक बटण असते, त्यावर यूपीएस मोड निवडा. नॉर्मल मोडमध्ये लाइन गेल्यावर बदलायला जास्त वेळ लागतो तेवढ्यात कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो. प्युअर साइनवेव्ह इन्व्हर्टर असला तर उत्तम, स्क्वेअरवेव्हवर काही एसएमपीएस घुरघुरतात. आणि लॅपटॉप असेल तर यूपीएस लागतच नाही, त्याची बॅटरी तेच काम करते.

प्रश्न : ऑनलाइन चारशे रुपयांत 2 टीबीचा पेन ड्राइव्ह घेतला. लग्नाचे फोटो टाकले, अर्धे उघडतच नाहीत. परत येतील का?
– एक वाचक, रिसोड, वाशिम

उत्तर : दादा, वाईट वाटते पण ते फोटो त्यात गेलेच नाहीत. आत चिप 8 किंवा 16 जीबीची असते, बाहेर 2 टीबी दाखवायला ती फसवून ठेवलेली असते, जागा भरली की पुढचे फोटो नुसते नावाला कॉपी होतात. फोटोग्राफरकडं आजच विचारा, त्यांच्याकडं कॉपी काही महिने तरी राहते. यापुढं कुठलाही पेन ड्राइव्ह आणला की एच-टू-टेस्ट-डब्ल्यू नावाचा फुकटचा प्रोग्राम चालवा, तो पूर्ण भरून वाचून खरी जागा सांगतो. पैशासाठी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार द्या. विकणारा दिल्लीत असो की सुरतला, 2019 च्या कायद्यानुसार ग्राहक आयोगात केस तुम्हाला तुमच्याच जिल्ह्यात टाकता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही.

प्रश्न : टायपिंगच्या परीक्षेची तयारी करून राहिले. दुपारी अर्धा तास झाला का कॉम्प्युटर आपोआप बंद पडते. कूलरसमोर ठेवला तरी तेच.
– एक विद्यार्थिनी, वरुड तालुका, अमरावती

उत्तर : ताई, कूलरसमोरून तो आधी उचल. कूलरची हवा ओली असते, बोअरचं पाणी खारं असलं तर तिच्यासोबत बारीक पांढरे कण येतात आणि ते बोर्डावर बसतात, काही महिन्यांत पिना गंजतात. तुझा कॉम्प्युटर बहुतेक गरम होऊन स्वतःला वाचवायला बंद होतो आहे.

प्लग काढ, कॅबिनेटची बाजूची पत्री उघड आणि प्रोसेसरवरचा पंखा बघ. पंख्याच्या खाली पातळ पातळ पत्र्यांचं हीटसिंक असते, त्या पत्र्यांमध्ये धूळ आणि घरात साठवलेल्या कापसाचे तंतू मिळून नमद्यासारखा थर बसलेला दिसेल, पंखा फिरतो पण हवा खाली जातच नाही. पंख्याची पाती बोटानं धरून ठेव आणि मऊ ब्रशनं, मग ब्लोअरनं साफ कर. पाती मोकळी सोडून ब्लोअर मारला तर पंखा भलत्या वेगानं फिरतो आणि खराब होतो. हे काम अंगणात कर. साफ करूनही बंद पडला तर प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधली थर्मल पेस्ट वाळली असेल, ती दुकानातून बदलून घे, छोटं काम आहे. त्यासाठी कोणी नवा कॉम्प्युटर घ्यायला सांगितला तर दुसऱ्या दुकानात जा. कॅबिनेट जमिनीवरून वीतभर वर ठेव आणि कापूस घरात असेपर्यंत दर महिन्याला पत्री उघडून बघत जा.

प्रश्न : बचत गटाच्या कामाला प्रिंटर घ्यायचा आहे, इंक टँक घ्यावा की लेझर?
– बचत गटाच्या एक सदस्य, मेहकर, बुलढाणा

उत्तर : ताई, रोज प्रिंट निघत असतील आणि रंगीत लागत असतील तर इंक टँक, पान स्वस्त पडते. महिन्यातून दोनदा ठराव अन् हिशोबाचे कागद काढायचे असतील तर काळा-पांढरा लेझर घ्या, टोनर कोरडी पावडर असते, पडून राहिली तरी वाळत नाही. इंक टँक घेतलाच तर आठवड्यातून एक रंगीत पान काढाच, उन्हाळ्यात तर नक्की, नाहीतर हेड सुकते आणि दुरुस्ती जवळपास नव्या प्रिंटरच्या भावात जाते. लेझर यूपीएसवर लावू नका, गरम होताना तो एकदम खूप करंट ओढतो. तो सरळ भिंतीच्या सॉकेटवर लावा, अर्थिंग तपासलेल्या.