उपकारांची वही

प्रिय लेकी,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

तुझं पत्र मिळालं. रात्री प्रार्थनेला बसलं की "आजच्या दिवसाबद्दल आभार, घरच्यांबद्दल आभार, अन्नाबद्दल आभार" एवढं म्हणून तोंड थांबतं आणि मन उद्याच्या बसच्या वेळेकडे पळतं, असं तू लिहिलंस. वर विचारलंस, माझा विश्वास कमी पडतोय का? मला तरी तसं वाटत नाही. कमी पडतोय तो तपशील. "अन्नाबद्दल आभार" हे वाक्य कुणीही, कुठल्याही दिवशी म्हणू शकतं. त्यात तुझा आजचा दिवस कुठेच नाही, मग मन तिथे थांबेल कशाला?

विसर कधी पडतो ते आधी बघ. बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाचा आठवा अध्याय उघड. चाळीस वर्षं रानात काढलेल्या लोकांना मोशे सावध करतो ते पुढच्या सुखाच्या दिवसांबद्दल. पोटभर जेवाल, चांगली घरं बांधाल, गुरंढोरं वाढतील, सोनंनाणं साठेल, तेव्हा "हे माझ्याच हाताच्या बळाने मिळालं" असं मनात येईल, तिथे जपा, असं तो सांगतो. तुला नुकतीच नोकरी लागली आहे. पगार वेळेवर जमा होतोय, शहापुरात खोलीही मिळाली. गरज होती तेव्हा तू नावं घेऊन, तारखा सांगून मागत होतीस. आता मागायचं थोडं उरलं आणि त्याबरोबर बोलणंही आटलं. बहुतेकांचं असंच होतं.

आठवणीच्या भरवशावरही राहू नकोस. गणना ११ मध्ये रानातल्या त्याच लोकांना मिसरातले, म्हणजे जिथे ते गुलाम होते त्या इजिप्तमधले, मासे, काकड्या, खरबुजं, कांदे, लसूण सगळं पदार्थागणिक आठवतं. मुकादमाचा चाबूक आणि विटांचा हिशेब मात्र कुणीच काढत नाही. आठवण मोकळी सोडली की ती असं हवं ते वेचते. म्हणून तिला काम लावून द्यावं लागतं.

काम सोपं आहे. शंभर पानी साधी वही घे. फोनमध्ये लिहू नकोस. तो उघडला की आधी मेसेज दिसतात, आणि दोन वर्षांनी फोन बदलला की नोंदी कुठे जातात कुणालाच कळत नाही. प्रत्येक नोंदीला तारीख घाल आणि तीन गोष्टी लिही: काय घडलं, कोणाच्या हातून घडलं, आणि त्याबद्दल आधी काही मागितलं होतं का. दोन-तीन ओळी पुरतात. आठवड्यातून तीन नोंदी खूप झाल्या. रोज लिहायचा नेम करणाऱ्यांची वही पहिल्या महिन्यातच "आजचा दिवस चांगला गेला" वर येते, कारण रोज काहीतरी भरायचंच म्हणून ते भरत असतात. पुढे त्याचा कंटाळा येतो आणि वही कपाटावर जाते.

"प्रभूने आज खूप आशीर्वादित केलं" ही नोंद सहा महिन्यांनी वाचशील तेव्हा काय झालं होतं ते तुलाच सांगता येणार नाही. त्याऐवजी असं लिही: "खानापूरची शेवटची बस चुकली. पाऊस होता. भाजीच्या टेम्पोवाल्याने गावाच्या फाट्यापर्यंत सोडलं, पैसे घेतले नाहीत. आई दारात कंदील घेऊन उभी होती." यात आशीर्वाद हा शब्दसुद्धा नाही, आणि तरी दहा वर्षांनी वाचलंस तरी तो दिवस समोर उभा राहील.

लिहायला उशीर करू नकोस. यहोशवाच्या चौथ्या अध्यायात बारा वंशांची बारा माणसं देवाने थांबवलेल्या यार्देन नदीच्या मधोमध जातात, याजक जिथे उभे होते तिथून एकेक दगड खांद्यावर घेतात, आणि याजक बाहेर आल्यावर नदी पुन्हा दोन्ही काठ भरून वाहू लागते. दिवस कापणीचे, म्हणजे नदीला पूर. पाणी परत आल्यावर त्यांतला एकही दगड उचलता आला नसता. तुझंही तसंच समज. अडचण सुटल्याच्या दिवशी सगळं लख्ख असतं. आठवडा गेला की दुसरी अडचण त्यावरून वाहते. फार तर त्या रविवारपर्यंत लिहून टाक.

"कोणाच्या हातून" हा रकाना कुणी भरत नाही, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त गरज त्याचीच आहे. फारो राजाचा प्यालेबरदार तुरुंगातून सुटला आणि तिथे त्याच्या स्वप्नाचा अर्थ सांगणाऱ्या योसेफाला विसरला. त्यानंतर योसेफाने तुरुंगात आणखी दोन वर्षं काढली. देवाचे आभार मानून माणसाला विसरणं आपल्या मंडळ्यांत, म्हणजे चर्चांत, फार सहज खपतं. आपल्या भागात तो हात बहुतेक वेळा ख्रिस्ती नसतोच. शेजारच्या लिंगायत आजी, मराठा शिक्षक, मुसलमान रिक्षावाला, यांच्या हातून देवाने तुला काय काय दिलं ते नावासकट लिही, आणि त्या माणसाला शनिवारच्या आत जाऊन सांग. लूक १७ मध्ये दहा कुष्ठरोगी बरे झाले, परत आला तो एक, आणि तोही शोमरोनी, म्हणजे परका. परत येणं म्हणजे पायी चालत येणं होतं, हे ध्यानात घे.

आता एक चूक, जी चांगले जाणते लोकही करतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा, मार्कंडेय सगळ्याच फुगल्या. आपल्या बेळगाव जिल्ह्यात गावंच्या गावं पाण्यात गेली. अशा वेळी "आमचं घर वाचलं, प्रभू किती चांगला" अशी साक्ष भर सभेत दिली जाते. पाठीमागच्या बाकावर ज्याची भिंत पडली तो बसलेला असतो. त्याने काय समजायचं? की प्रभू त्याला चांगला नाही? दुसऱ्याच्या नुकसानीशेजारी ठेवून मोजलेला उपकार हा लूक १८ मधल्या परूश्याच्या प्रार्थनेचा सख्खा भाऊ आहे. तिथेही सुरुवात "तुझे आभार मानतो"नेच होते, आणि पुढे येतं ते "मी इतरांसारखा नाही". घर वाचलं तर आभार मान, जरूर मान, पण वहीत. सभेत बोलायचं तर त्या पाण्यात कुणी कुणाला भाकरी पोचवली ते बोल.

भिंत तुझीच पडली तर? तेही त्याच वहीत लिही. शेवटची दहा पानं त्यासाठी कोरी ठेव: जे मागितलं आणि मिळालं नाही, जे गेलं. एबनेजर, म्हणजे साहाय्याचा दगड, हे नाव आपल्याकडे कितीतरी घरांच्या पाटीवर असतं, पण १ शमुवेलाच्या चौथ्या अध्यायात त्याच नावाच्या जागी इस्राएलाचा तळ होता आणि तिथून लढायला गेलेले हरले, तीस हजार पायदळ पडलं, देवाच्या कराराचा कोशही गेला. शमुवेल दगड उभा करतो तो सातव्या अध्यायात, मधे वीस वर्षं गेल्यावर. स्तोत्र ७७ मध्ये आसाफाला देवाची आठवण आली की आधी कण्हायलाच होतं. झोप लागत नाही, देव दया करायचं विसरला का असं तो उघड विचारतो. मग तो ठरवून जुन्या कृत्यांकडे वळतो, समुद्रातून निघालेल्या वाटेकडे. आणि स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. तेव्हा दुःखात असलेल्या कुणाला "उपकार मोजा" असं सांगायला जाऊ नकोस. त्याच्याजवळ बस. तुझ्यावर वेळ आली तर मोजायची घाई स्वतःलाही करू नकोस; चांगल्या दिवसांत लिहिलेली पानं तोपर्यंत तशीच राहतात.

लिहिणं म्हणजे अर्धंच काम. मार्क ८ मध्ये शिष्य नावेत एका भाकरीवरून काळजी करतात. येशू विचारतो, पाच हजारांच्या वेळी किती टोपल्या उचलल्या? बारा. चार हजारांच्या वेळी? सात. आकडे तोंडपाठ, आणि काळजी जिथल्या तिथे. म्हणून महिन्यातून एकदा वही वाचायला बसशील तेव्हा सध्याची काळजी एका चिठ्ठीवर लिही, घरभाडं असो की लग्नाची बोलणी, आणि तिच्यासारखी जुनी नोंद शोधून चिठ्ठी त्या पानावर ठेव. मग प्रार्थना कर. यासाठी शनिवारची संध्याकाळ बरी, त्यातही प्रभुभोजनाच्या रविवारच्या आधीची. "माझ्या स्मरणार्थ हे करा" असं म्हणून प्रभूने भाकर मोडली ती धरून दिला जाण्याच्या रात्री. मेजाकडे जाताना वधस्तंभाची आठवण आधी, वहीतली त्यामागून. हा क्रम उलटला की बस मिळाली, नोकरी मिळाली यावरच देवाचा चांगुलपणा तोलला जातो, आणि नोकरी गेली की तोही गेल्यासारखा वाटतो.

आणखी एक: ही वही उधारीची नव्हे. पानं भरत गेली की काहींना दडपण येतं, एवढं फेडायचं कसं? स्तोत्र ११६ मध्ये हाच प्रश्न आहे, परमेश्वराचा उतराई कसा होऊ? आणि पुढच्याच ओळीत उत्तर येतं ते तारणाचा प्याला हाती घेण्याचं, म्हणजे पुन्हा काहीतरी घेण्याचंच. नवस फेडणं, अर्पण, त्यानंतर येतं.

आता कापणीच्या अर्पणाच्या टोपलीबद्दल. अनुवाद २६ मध्ये शेतकरी पहिलं पीक टोपलीत घालून आणतो आणि याजकापुढे ठरलेले शब्द बोलतो. कापणीच्या उपासनेला आपल्याकडे भात, नारळ, भोपळे, उसाच्या मोळ्या येतात, लिलावही जोरात होतो. बोलायचं तेवढं राहून जातं. ते शब्द नीट बघ. माझा बाप भटका अरामी होता, थोड्या माणसांनिशी मिसरात गेला. त्यांनी आम्हाला छळलं. आम्ही हाक मारली. परमेश्वराने ऐकलं, पाहिलं. त्याने बाहेर काढलं. ही भूमी दिली. आणि आता मी हे पीक आणलं आहे. मिसर सोडून कैक पिढ्या झालेला माणूसही "आम्हाला छळलं" असंच म्हणतो, आणि "मी आणलं" शेवटी येतं.

तू तुझी अशी सहा वाक्यं तयार कर. पहिल्या दोन वाक्यांसाठी आजीकडे जा: घराणं कुठून आलं, कशामुळे आलं, पहिल्यांदा प्रभूचं नाव कुणी घेतलं. मंडळीचाही धागा जोड. बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीचं काम १८२० मध्ये सुरू झालं आणि पुढे ते मेथडिस्टांकडे आलं, त्यात तुमचं घर कुठे बसतं ते विचार. तिसरं वाक्य संकटाचं, एकच. चौथं, हाक मारल्याचं. पाचवं, मिळालेल्या मदतीचं, माणसाच्या नावासकट. सहावं, आज मी काय आणलंय. घरी ज्या भाषेत रडतेस त्या भाषेत लिही. उपासना कन्नडमध्ये असली तरी चालेल. अनुवाद २६ मध्येच पुढे लेवी (ज्यांना स्वतःची जमीन नव्हती तो सेवेकरी वंश) आणि उपरी यांच्यासह आनंद करा असं आहे, तेव्हा अर्पणाच्या दिवशी जेवायला बाहेरचं एक माणूस हवंच.

साक्ष द्यायला उभी राहिलीस तर तीन मिनिटं पुरेत. आकडा वाढवू नकोस, दुसऱ्याच्या घरातलं उघडं करू नकोस, आणि "तुम्हीही असंच केलंत तर तुम्हालाही मिळेल" हे वाक्य तर अजिबात नको. ते वचन देण्याचा अधिकार तुला नाही. वर्षानुवर्षं ३१ डिसेंबरच्या रात्री तीच एक साक्ष देणारेही असतात. निर्गम १६ मध्ये सकाळपर्यंत उरवलेल्या मान्नात, म्हणजे रानात देवाने रोज दिलेल्या अन्नात, किडे पडले, आणि देवाच्या सांगण्यावरून पुढच्या पिढ्यांना दाखवायला ठेवलेला ओमरभर, म्हणजे साधारण दोन लिटर, मान्ना टिकला. खानापूरकडचा शेतकरी बियाण्याचं भात खायच्या पोत्यात मिसळत नाही, तसं जुनं दाखवायला वेगळं ठेव आणि खायला आजचं वेच.

मधे दोन-तीन महिने वही कोरी राहिली तर मागचं भरत बसू नकोस, ते अंदाजपंचे होतं. आजची तारीख घाल आणि पुढे चल.

नाताळला घरी येशील तेव्हा वही आणू नकोस, ती तुझी आणि देवाची. सहा वाक्यं मात्र पाठ करून ये. आजीला आधी ऐकव. पहिल्या दोन वाक्यांत ती दुरुस्त्या सांगेलच.

आईबाबांना सलाम.

तुझी,
मावशी