‘चार्म’ला मराठीत नेमका कोणता शब्द वापरावा?

एकच शब्द पुरत नाही, अर्थ पाहून निवडावा लागतो. मूळ लॅटिन ‘कार्मेन’, म्हणजे गीत किंवा मंत्र. फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हाही त्याचा अर्थ जादूचा मंत्र असाच होता. माणसाच्या लाघवी वागण्याला चार्म म्हणणं नंतरचं.

मला याचं फार कौतुक वाटतं, कारण आपल्या शब्दांनीही हाच प्रवास केलाय. ‘मंतरलेली रात्र’, ‘भारलेलं वातावरण’, ‘मोहिनी घालणं’ हे सगळं मंत्रतंत्रातूनच आलं आणि आता त्यात जादूटोणा उरलेला नाही. ताईत हाही चार्मच. पण ‘ती आजीच्या गळ्यातला ताईत आहे’ म्हणताना आपल्याला लाडकी नातच दिसते. ब्रेसलेटला लटकवायचे छोटे चार्म या ताइताच्याच कुळातले.

एखादा उपाय चार्मसारखा चालला, तर ‘मात्रा लागू पडली’ म्हणा. इतका चपखल वाक्प्रचार हाताशी असताना दुसरं काही शोधू नये. ‘आता लग्नाच्या पंगतीत तो चार्म राहिला नाही’ इथे मात्र ‘गोडी’ किंवा ‘अप्रूप’.

भौतिकशास्त्रात चार्म हा क्वार्क या मूलकणाचा एक प्रकार. सॅम्युअल टिंग आणि बर्टन रिक्टर यांच्या गटांना १९७४ मध्ये, स्वतंत्रपणे, सापडलेल्या कणातून त्याचा पुरावा मिळाला आणि दोघांना १९७६ चं नोबेल. तिथे मोहिनी वगैरे नको, सरळ ‘चार्म क्वार्क’च लिहा.